इंचभरच वाढेल

४ फेब्रुवारी

ही पडली. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर जो खड्डा आहे, त्यात स्कूटरचं पुढचं चाक गेलं आणि ही डाव्या हातावर आपटली. मनगटाला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हाड सरकलेलं नाही, नशीब समजा. मी काहीही समजणार नाही. तळपायाची आग मस्तकात गेलीय.

दवाखान्यात मी जरा मोठ्यानं बोललो, तर हीच मला म्हणते, "अहो, पडले मी आणि ओरडताय तुम्ही!"

ओरडू नको तर काय करू? घरोघर जाऊन लोकांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, आणि फिरायचं कशावरून, तर या बशीएवढ्या चाकांच्या खेळण्यावरून. हॉस्पिटलातून रिटायर झाली की घरी बसेल असं मला वाटलं होतं. कसचं काय! आठवड्याभरात स्कूटर घेऊन आली. आणली ती आणली, दुसऱ्याच दिवशी सीटमधला फोम कापून अर्धा करून घेतला. नव्या कोऱ्या गाडीचं वाटोळं. मी तेव्हाही बोललो होतो, तेव्हाही माझं ऐकलं नाही.

जेवताना म्हणाली, "प्लास्टर निघालं की मी लगेच जायला लागणार. माझी माणसं खोळंबतील. मला माझी गाडी तेवढी नीट करून द्या."

देतो. अशी नीट करून देतो की बघतच राहशील.

६ फेब्रुवारी

पालिकेच्या ऑफिसात गेलो. रस्त्यांच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "तो खड्डा आमचा नाही, पाणीवाल्यांनी खोदलाय." पाण्याच्या टेबलावरचा म्हणाला, "आम्ही बुजवून दिला होता. नंतर खचला, म्हणजे तो रस्तेवाल्यांचा." दोन्ही टेबलं एकाच खोलीत, मधे एक कपाट. मी म्हटलं, "अहो, मग एकमेकांना सांगा की!" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अचाट बोललो.

येताना खड्ड्यापाशी उभा राहिलो. एक मोटरसायकलवाला आला आणि आरामात त्यातून पार गेला. साधा धक्कासुद्धा नाही. का? तर चाक मोठं. तिथल्या तिथे डोक्यात प्रकाश पडला. खड्डा लहान होत नाही ना? मग चाक मोठं करायचं.

आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. एवढं मला जमणार नाही तर कुणाला जमणार?

९ फेब्रुवारी

गॅरेज. हिला सांगितलंय की मडगार्ड वाकलंय, तेवढं सरळ करायला गाडी टाकतोय. बाकीचं एकदम दाखवायचं.

दहा इंची चाकं काढून बारा इंची घालायची, असा व्यवस्थित आराखडा काढून नेला होता. तिन्ही बाजूंनी. गॅरेजवाल्यानं तो हातात घेतला, उलटा धरून बघितला, आणि त्यावर तेलकट पाना ठेवून दिला. म्हणाला, "होऊन जाईल काका."

मी विचारलं, चाक पुढच्या फोर्कमध्ये बसेल का? होऊन जाईल. मागचा टायर इंजिनाला घासेल का? होऊन जाईल. आज रविवार आहे का, असं विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. मी आता त्याचं नावच 'होऊन जाईल' ठेवलंय.

शेवटी मीच टेप काढली. फोर्कची रुंदी, मडगार्डपर्यंतची जागा, इंजिन आणि टायरमधलं अंतर, काहीही सोडलं नाही. चाक दोन इंचांनी मोठं झालं तरी गाडी वर जाणार ती त्याच्या निम्म्यानं. म्हणजे इंचभरच वाढेल. इंचभर म्हणजे काहीच नाही.

१४ फेब्रुवारी

चाकं बसली. फिरत नाहीत.

म्हणजे नुसती फिरतात, पण मी सीटवर बसलो की मागचं चाक मडगार्डला घासतं. मी म्हटलं, "हे तू आधी का नाही बघितलंस?" तर म्हणे, "काका, आधी तुम्ही बसला नव्हतात." कपाळावर हात मारून घेतला. आता मागचा शॉकअप बदलून लांब घालायचा. किती लांब? "जरासाच. इंचभर." बरं, इंचभर तर इंचभर.

मेव्हणा तिथे येऊन टपकला. हिचा भाऊ, कुठेही काही उघडलेलं दिसलं की यानं त्यात डोकावलंच पाहिजे. "भाऊजी, त्यापेक्षा तिला चारचाकी शिकवा," म्हणाला. ज्या गल्ल्यांतून ही जाते तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं. चारचाकी म्हणे!

१५ फेब्रुवारी

फोन केला. "होऊन जाईल."

१८ फेब्रुवारी

ही दिवसभर खिडकीत. हिच्या जागी म्हणून जी मुलगी जाते, ती पट्टी फार घट्ट बांधते अशी आजोबांची तक्रार आहे. आजोबा म्हणजे मागच्या गल्लीतले, पायाची जखम महिनोन् महिने चिघळलेली. हिनं सकाळपासून चारदा फोन केला. "बोटं गार पडलीत का? रंग कसा आहे? मुंग्या येतात का?" फोन ठेवला आणि मला म्हणाली, "माझी गाडी एवढे दिवस काय करतेय तिथे? मडगार्डच होतं ना?"

"होऊन जाईल," मी म्हटलं. आणि माझं मलाच दचकायला झालं.

२१ फेब्रुवारी

आजचा दिवस आठवला की कानशिलं तापतात.

गाडी घरी आणली होती. मेन स्टँडवर लावली, सुरू केली, आणि आवाज ऐकावा म्हणून जरा ॲक्सिलरेटर पिळला. चाक मोठं झाल्यावर स्टँड तोकडा पडणार, मागचं चाक उचललं न जाता जमिनीला टेकूनच राहणार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे माझ्या. गाडी स्टँडवरून सुटली ती थेट समोरच्या बाईंच्या कुंड्यांमध्ये. तीन कुंड्या गेल्या. आतून ही ओरडली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "मांजर!" समोरच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना नव्या कुंड्या आणून द्यायचं कबूल केलं तेव्हा कुठे त्या मांजर म्हणायला तयार झाल्या.

गाडी परत गॅरेजमध्ये. स्टँडला तुकडा वेल्ड करायचा. सगळ्याला नुसते तुकडे जोडणं चाललंय.

२६ फेब्रुवारी

आता गाडी आहेच तिथे, तर सीटही भरून घेतली. तो कापलेला पातळ फोम बघून मला पहिल्यापासून संताप यायचा. फळीवर बसल्यासारखं. हिची कंबर दुखते ती उगीच नाही. चांगला जाड फोम घातला, वर नवं कव्हर. 'होऊन जाईल' मला म्हणाला, "काका, काकूंना जमेल ना?" मी म्हटलं, "मऊ सीट कुणाला जमत नाही रे?"

लेकीचा फोन आला होता. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाबा, आईला विचारलंत?"

"सरप्राइज आहे. विचारून सरप्राइज देतात का?"

"तसं नाही. तुम्हाला आई पडायला नको आहे, की आई जायलाच नको आहे?"

पोरीच्या शिक्षणासाठी मी काय काय केलं, आणि आता तीच मला प्रश्न विचारते. फोन आईकडे दिला.

१२ मार्च

प्लास्टर काल निघालं. आज गाडी दाखवली.

धुऊन पुसून दारात उभी केली होती. हिचे डोळे मीच झाकले, मीच उघडले. ही गाडीभोवती फिरली. सीटवर हात ठेवून दाबून बघितली.

"सीट कुणी भरली?"

"मी! कंबर दुखते ना तुझी?"

हात काढून घेतला. मग चाकांकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं, व्यास, खड्ड्याची खोली, सगळं. ऐकता ऐकता ती माझ्याकडेच बघत होती. शेवटी म्हणाली, "एवढा खटाटोप माझ्यासाठी केलात?" आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "छान आहे. मोठी दिसते."

बस. महिनाभर माझ्या नाकी नऊ आले आणि कौतुक काय, तर मोठी दिसते. पण डोळे पुसले, ते मी बघितलं. संध्याकाळभर शीळ वाजवत होतो.

१५ मार्च

रोज सकाळी गाडी दाराच्या पायरीला अगदी चिकटवून लावते आणि पायरीवरून बसते. पायरीची फरशी ओरखडली. मी म्हटलं, "अंगण एवढं मोकळं पडलंय, तिथून निघायला काय होतं?" तर म्हणे, "इथूनच बरं पडतं." पॉलिश केलेली फरशी आहे, हिला काय त्याचं!

१९ मार्च

या बाईचं काय चाललंय कळत नाही. मागच्या गल्लीत जायला पाच मिनिटं लागतात, ही शाळेवरून वळसा घालून जाते. मेव्हण्यानंच सांगितलं. तिथे रस्त्याला फुटपाथ आहे, त्याच्या कडेकडेनं चालवते म्हणे. दर थांब्याला फुटपाथशी घासून उभी राहते. "भाऊजी, ताई नवीन शिकल्यासारखी चालवते," म्हणाला. इतकी वर्षं चालवून! मी घालून दिलेली चाकं खड्ड्यासाठी आहेत, आणि ही खड्ड्याच्या रस्त्यानंच जात नाही.

भरीला नवीन बूट. जाड तळाचे, हातभर उंच. आयुष्यभर सपाट चपला घातल्या आणि आता या वयात ही हौस. मी हसलो तर रागावली. माळ्यावरचा डबा काढायला अजून स्टूल लागतं, मी म्हटलं, बुटांनी तेवढं तरी काम होईल. आणखी रागावली. साधी गंमत कळत नाही.

चहाला रोज उशीर होतोय.

२४ मार्च

आज आपणहून म्हणाली, "तुम्ही चला ना माझ्याबरोबर. मागे बसा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी लगेच निघालो. कामाच्या वेळी मधे मधे करू नका म्हणणारी बायको. मोठ्या चाकांची मजा दोघांनी मिळून घ्यावी असं वाटलं असणार. चालवते छान. फक्त प्रत्येक सिग्नलच्या आधी ओरडायची, "पाय टाका हं!" मी दोन्ही पाय टाकून गाडी धरायचो. मनगट अजून कच्चं असणार.

आजोबांकडे वर नेलं. दार उघडल्याबरोबर आजोबा म्हणाले, "आली का माझी बाई!" आणि लहान मुलासारखा पाय पुढे केला. ही खाली बसून पट्टी सोडत होती तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. एवढ्या हळू हातानं करते. घरी मला खरचटलं की कापूस फेकून देते.

आता रोज जातो बरोबर. चार-पाच घरं होतात. खाली उभा राहून गाडी सांभाळतो.

२९ मार्च

मला दाढदुखी. मी गेलो नाही. ही एकटी गेली आणि परत पडली.

गुडघा फुटलाय, हाताला काही नाही, देवाची कृपा. गाडीची डावी बाजू पूर्ण खरवडली. "कशी पडलीस?" तर, "घसरली." कुठे? तर, त्याच कोपऱ्यावर. त्याच खड्ड्याशी! ज्या खड्ड्यासाठी मी एवढा आटापिटा केला, त्याच खड्ड्याशी! माझं डोकंच फिरलं. "मग चाकं कशाला मोठी केली मी?" असं ओरडलो. हिनं माझ्याकडे नुसतं बघितलं, स्वतःच गुडघा धुतला, स्वतःच पट्टी बांधली. मला हात लावू दिला नाही.

टायर खराब असणार. उद्या होऊन जाईलला धरतो.

३० मार्च

गॅरेजच्या आधी कोपऱ्यावर गेलो, कसं घसरली ते बघायला. रस्ता कोरडा. वाळू नाही, तेल नाही. औषधवाला दुकानातून बाहेर आला.

मी म्हटलं, "इथे घसरते कशी हो गाडी?"

"घसरली कुठे? काकू उभ्या उभ्या पडल्या," तो म्हणाला. "आजोबांच्या पट्ट्या घ्यायला इकडे येत होत्या. समोरून टेम्पो आला म्हणून खड्ड्याच्या अलीकडे थांबल्या. गाडी एकदम थांबलेली. पाय खाली सोडला, तो पोचेचना. इथे फुटपाथ नाही ना. तशाच कलंडत गेल्या. मी धावलो, पण तोवर आडव्या."

मी तिथेच उभा होतो. तो म्हणाला, "काका, आत बसता का जरा?" मी आत नाही बसलो.

घरी आलो. गाडी पायरीला लावलेली होती. टेप काढली. चाकांनी वाढलं ते माप बरोबर. शॉकअपचं बरोबर. फोमचं बरोबर. वेगवेगळं प्रत्येक माप अगदी बरोबर, आणि बेरीज कधी केलीच नाही. फोर्क मोजला, मडगार्ड मोजलं, खड्ड्याची खोली मोजली. हिचा पाय तेवढा मोजला नाही. गाढव! ऑफिसात कुणी असा नकाशा आणला असता तर तोंडावर फेकला असता मी.

पायरी, फुटपाथ, शाळेचा वळसा, बूट. आणि मी मागे बसून मजा बघत होतो. मजा कसली, मी म्हणजे हिचा स्टँड होतो.

आत गेलो. "मला सांगायला काय झालं होतं तुला?"

ही डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शीळ वाजवत होतात. इतक्या वर्षांत तुम्हाला शीळ वाजवताना मी ऐकलं नव्हतं."

मग ताट बाजूला सरकवलं आणि एकदम फुटली. "आणि विचारायला तुम्हाला काय झालं होतं? एकदा विचारलं असतंत! गाडी माझी, पाय माझे, जायचं मला. फोम मी कापून घेतला तो काय हौस म्हणून? रोज घरातून निघताना मी आधी मोजते, आज कुठे कुठे थांबावं लागेल ते. खड्ड्याची नव्हती हो मला भीती कधी. आता मला थांबायची भीती वाटते."

मी बसलो. म्हटलं, "तू पडलीस ना, तेव्हा मला काही सुचेना. नुसता राग राग होत होता. तू अशी एकटी जातेस, आणि मी इथे फोन वाजला की..." ही उठली, माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, आणि परत डाळ निवडायला बसली.

४ एप्रिल

जुनी चाकं परत हवीत म्हटल्यावर होऊन जाईल पहिल्यांदा गप्प झाला. एका चाकावर त्यानं पाण्याचं पिंप ठेवलंय, दुसरं दाराला टेकू म्हणून लावलंय. पिंप अर्धं रिकामं करून मी स्वतः चाक काढलं. पाय भिजले. तो म्हणाला, "काका, आधीच सांगायचं ना, ठेवली असती." मी काही बोललो नाही. हल्ली मी बरंच काही बोलत नाही.

या वेळी ही बरोबर होती. मी सवयीनं टेप काढली तर म्हणाली, "ती खिशात ठेवा." चाकं बसली, जुना शॉकअप लागला, स्टँडचा तुकडा कापला. मग ही सीटवर बसली आणि फोम कापून घेत गेली. बसायची, पाय टेकून बघायची, उतरायची. "अजून." परत बसायची. "अजून जरासा." मी कोपऱ्यात खोक्यावर बसून होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

शेवटी बसली आणि उतरलीच नाही. तशीच गाडी चालू करून आजोबांकडे गेली. मी चालत घरी आलो.

७ एप्रिल

खड्डा बुजवला.

फावडं आणि घमेलं मागून आणलं, शेजारच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणि मुरूम आणला. औषधवाल्यानं पाणी दिलं. मेव्हणा येऊन उभा राहिला, "भाऊजी, हे पालिकेचं काम आहे," म्हणाला. मी त्याच्या हातात घमेलं दिलं. ठोकून ठोकून माझे खांदे भरून आले. पालिकेच्या दोन्ही टेबलांना मी मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात ही आली, कामाला निघालेली. सपाट चपला. शाळेवरून नाही, सरळ रस्त्यानं. माझ्यासमोर, फुटपाथ नसलेल्या त्या रस्त्याच्या मधोमध थांबली. खाली बघितलं.

"अहो, खड्डा गेला, पण टेंगूळ आलं की!"

"बसेल ते," मी म्हटलं. "इंचभरच तर वर..."

आणि जीभ चावली.

ही हसायला लागली. इतकी हसली की मेव्हणाही हसला, त्याला काहीही कळलेलं नसताना. हसून हसून गाडी डुलत होती. मी पाय बघत होतो. दोन्ही जमिनीवर होते, टाचांसकट.

ती गेली. वळणापर्यंत मी बघत होतो. मग फावडं उचललं आणि वरचा इंच काढायला लागलो.